स्मशानातल्या कचऱ्याचं करायचं काय? (तिरडी, हार, मडकी, राख)

सामानवाला

नमस्कार मंडळी. माझं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी चालवलं, आता मी बसतो. पुण्यातल्या एका स्मशानभूमीजवळ आहे. कुठल्या, ते विचारू नका. पुढं जे लिहिलंय त्यात तिथल्या कारभाराबद्दल कुरकुर आहे आणि मला रोज त्याच फाटकासमोर शटर उघडायचं असतं.

तर स्मशानाच्या मागच्या भिंतीला कचऱ्याचा ढीग लागतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, स्मशानातला कचरा म्हणजे राख. राख असतेच, पण ढिगात आधी दिसतात ते बांबू. मग हार, शाली, फुटकी मडकी, कडबा, सुतळीचा गुंता, पाण्याच्या बाटल्या, कापराच्या डब्या. कोपऱ्यात कधी अख्खी गादी. यातला निम्मा माल मला लांबून ओळखू येतो, कारण तो माझ्याच काउंटरवरून गेलेला असतो.

आमच्याकडं गिऱ्हाईक यादी घेऊन येत नाही. जावई नाहीतर शेजारचा कोणीतरी येतो, मोबाईल कानाला लावलेला, आणि म्हणतो, "एक सामान द्या." एक सामान म्हणजे दोन लांब बांबू, कामट्या, सुतळी, कडब्याची पेंढी, मांजरपाट, मडकं, गुलाल, बुक्का, कापूर, उदबत्ती, तूप, काडेपेटी, चंदनाची ढलपी, अत्तराची बाटली आणि तुळशीचा हार. सवाष्ण गेली असेल तर हिरवी साडी, चुडा, ओटी वेगळी. बांबू बुरूड आळीतून, मडकी कुंभारवाड्यातून, कापड रविवार पेठेतून. हे आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे. बदललं ते वेष्टण. गुलाल कागदाच्या पुडीत जायचा, तो आता प्लॅस्टिकच्या पाकिटात येतो. तूप लोक घरून वाटीत आणायचे, आता पाऊच. कापराची डबी प्लॅस्टिकची आणि आत प्रत्येक वडीला पुन्हा वेगळं आवरण. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा एक सामान फोडून नुसती वेष्टणं काउंटरवर मांडली. ओंजळ भरून वर सांडली.

आता खरी गोम. लाकडाची चिता असते तेव्हा तिरडी, कडबा, हार सगळं तिच्यावरच जातं. गॅसदाहिनी, विद्युतदाहिनी आली ते चांगलंच झालं. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, ते वाचलं, आणि धूर तोंडावर येत नाही. पण आमच्या इथं दाहिनीत तिरडी आत घेत नाहीत. ट्रॉलीवर घेण्याआधी कर्मचारी कोयत्यानं सुतळ्या सटासट तोडतो, चौघं देह उचलतात, आणि तिरडी जशीच्या तशी भिंतीकडं. हार उतरवतात, शाली उतरवतात, कारण सिंथेटिक आत गेलं की काळा धूर. म्हणजे पूर्वी जे अग्नीला जायचं ते आता कचऱ्यात जातं. जितक्या दाहिन्या वाढतील तितका हा ढीग वाढणार, आणि यावर कोणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. एखादा पुढारी गेला तर मग बघायलाच नको. शालींचा आणि पुष्पचक्रांचा खच. शालींच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा काढलेल्या नसतात, तशाच अंगावर घालतात.

ढीग फार झाला की रात्री कोणीतरी काडी लावतं. मागच्या सोसायटीनं तक्रार केली, तेव्हा साहेब लोक येऊन पाहून गेले आणि दोन डबे ठेवले. एक ओला, एक सुका. आठ फुटी बांबू कुठल्या डब्यात टाकायचा ते काही त्यांनी सांगितलं नाही. लोक डब्याला टेकवून उभे करून जातात.

मला विचारायचंय ते असं. या बांबूंचं काही होईल का? ताजे, बिनकिडके, तासा-दोन तासांच्या वापराचे आहेत. फुलांचं खत होतं हे माहीत आहे, पण गुलाल पडलेल्या फुलांचं होतं का? मडकी परत घेशील का म्हणून कुंभाराला विचारलं, तो नुसता हसला. राखेचं काय? घरचे अस्थी आणि थोडी रक्षा नेतात, बाकीची तिथंच पडते. ती बागेला चालते का?

आणि सगळ्यात जास्त उत्सुकता याची. तुमच्या घरात कोणी गेलं आणि दुकानदार म्हणाला, "तिरडी लोखंडी आहे, भाड्यानं मिळेल, नंतर परत आणून द्या," तर राग येईल का? खरं सांगा. त्या वेळी माणसाच्या तोंडाकडं बघून मला हे विचारता येत नाही, म्हणून इथं विचारतोय.

टिळकरोडकर

अहो, माणूस गेलाय. त्याची तिरडी ओली की सुकी हे ठरवत बसायचं? काही गोष्टी आहेत तशा राहू द्याव्यात. उद्या पिंडाला शिवायला आलेला कावळासुद्धा ओल्या कचऱ्यात मोजाल.

सामानवाला

कावळा आपला आपण उडून जातो, साहेब. द्रोण-पत्रावळ्या मागं राहतात.

खतवाली

दादा, आधी फुलांचं सांगते. सोसायटीचा ओला कचरा आणि गणपतीतलं निर्माल्य, दोन्हींचं खत मी करते.

झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध सगळं कुजतं. पण झेंडू पाणी फार सोडतो. नुसत्या फुलांचा ढीग लावला तर दोन-तीन दिवसांत वास सुटतो आणि चिलटं येतात. एक घमेलं फुलं असतील तर दोन घमेली कोरडा माल हवा. लोक इथं वाळका पाला शोधत फिरतात. तुमच्या ढिगात तर कडबा आयता आहे! विळीवर बोटभर तुकडे करा आणि फुलांबरोबर थरावर थर द्या. ओलं आणि सुकं दोन्ही एकाच ठिकाणी मिळणारी जागा मी दुसरी ऐकलेली नाही. द्रोण-पत्रावळ्याही चालतील, पण पानांच्याच. चंदेरी कागदाचे द्रोण नकोत. पिंडाचा भात थोडाच घाला आणि खाली दाबून घाला, नाहीतर उंदीर-घुशी येतात.

खरा वैताग दोऱ्याचा. सुती दोरा कुजून जातो. नायलॉनचा दोरा आणि जरीची पट्टी तशीच राहते, चाळताना जाळीत अडकते आणि गांडुळासारखी लोंबते. हार मार्केट यार्डातून आणत असाल तर सुती दोऱ्यात ओवून द्या म्हणून सांगून बघा. रोजचं गिऱ्हाईक म्हटल्यावर ऐकतील. थर्माकोलचे मणी आणि चकाकती टिकली लावलेले हार तर ठेवूच नका.

गुलालाचं खरं म्हणजे रंग कशाचा आहे त्यावर आहे, आणि पाकिटावर ते लिहिलेलं नसतं. गुलाल पडलेली फुलं वेगळ्या हौदात टाका. त्या खताचा उपयोग रस्त्याकडेच्या झाडांना करा, पालेभाजीला नको.

बांबू मात्र खतात टाकू नका. त्याची साल इतकी टणक की वर्षं जातात, आणि पाल्याच्या श्रेडरमध्ये घातला तर श्रेडर अडतो. आमच्या पहिल्या श्रेडरची पाती तशीच गेली, पण ते असो. बांबूचा हौद करा. चार उभे, बाकीचे आडवे, मध्ये दोन बोटं फट ठेवा, म्हणजे खताला चारी बाजूंनी हवा. स्मशानातल्याच तिरड्यांचा हौद आणि त्यात तिथल्याच फुलांचं खत. उरलेल्या कामट्या सोलापूर रोडच्या नर्सरीवाल्यांना विचारून बघा, त्यांना रोपांच्या आधाराला लागतात. पण तिरडीच्या आहेत हे सांगून विचारा. नाही म्हणाले तर नाही.

आणि त्या साहेब लोकांना एक सांगा. दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा जिथं निघतो ती जागा घनकचरा नियमांप्रमाणे मोठ्या कचऱ्याची जागा धरतात. ओला कचरा शक्य तितका तिथल्या तिथं जिरवायचा असतो. उघड्यावर जाळायला तर मुळातच बंदी आहे. सगळा कचरा रोज एकदा वजनकाट्यावर घाला म्हणावं, मग बोलायला सोपं जाईल.

लोखंडी तिरडीचा मला राग येणार नाही. माझ्या नवऱ्याला येईल.

भवानीपेठी

सामानवाले भाई, आमच्यात जनाज्याचा डोला मशिदीचा असतो. सगळ्या मोहल्ल्याला तोच. माझ्या दादांना त्यातून नेलं, वडिलांनाही त्यातूनच. वापरलेली वस्तू मिळाली असं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. उलट सगळ्यांना एकच, याचं बरं वाटतं. दफन झालं की पुसून परत मशिदीत. माझे पारशी शेजारी सांगतात, त्यांच्यात तर लोखंडीच वापरतात, धुता येते म्हणून.

कफन सुती, न शिवलेलं, ते मातीत जातं. आमचा कचरा नंतरचा. कबरीवरच्या फुलांच्या चादरी, उदबत्तीची पाकिटं, गुलाबपाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. शब-ए-बरातच्या रात्री लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कब्रस्तानात येऊन बघा. पोरं गोळा करतात, पण नेऊन टाकायचं कुठं, हा प्रश्न आमचाही आहेच.

लाल ठिपका

भाऊ, मी कचरा वेचणाऱ्या बायकांच्या बरोबर काम करते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली, २००८ मध्ये स्वच्छ सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हापासून पुण्यात घरोघरचा कचरा या बायका गोळा करतात. म्हणून ढिगात हात घालणाऱ्यांच्या बाजूनं थोडं सांगते.

तुम्ही गादीचं एका ओळीत लिहिलंत. मला त्याचीच काळजी जास्त. माणूस महिनोन् महिने अंथरुणावर असतो, मग जातो. घरच्यांना ती खोली बघवत नाही. गादी, उशी, चादरी, औषधांची पिशवी, डायपरचं उरलेलं पाकीट, लघवीची पिशवी, इन्सुलिनच्या सुया, सगळं एका गाठोड्यात बांधतात आणि तिरडीच्या मागोमाग स्मशानात आणून टाकतात. घरच्या डब्यात टाकायला जीव होत नाही म्हणून. पण ते गाठोडं पुढं कोणीतरी सोडतंच. आमच्या एक मावशी सांगतात, बोटात सुई घुसली तेव्हा रक्त दिसायच्या आधी डोळ्यांसमोर त्या घरातलं आजारपण दिसलं. कुठला आजार होता ते विचारणार कुणाला?

म्हणून तुमच्या दुकानात पाटी लावायची झाली तर ही लावा. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा आणि वेगळ्या द्या. डायपर, पट्ट्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळतं. न फोडलेल्या, मुदतीतल्या स्ट्रिपा केमिस्टला दाखवा, काही जण परत घेतात. हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर असल्या वस्तू स्मशानात आणूच नका. रुग्णांना लागणारं साहित्य उसनं नाहीतर भाड्यानं देणाऱ्या संस्था पुण्यात बऱ्याच आहेत, त्या आनंदानं घेतात.

विकलं काय जातं म्हणाल, तर पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठा. अत्तराच्या चिमुकल्या बाटलीला कोणी विचारत नाही. पाऊचला तर अजिबात नाही. बांबूला भंगारात भाव नाही. शाली नव्या असतात, पण "कुठल्या?" म्हणून विचारलं की घेणारा हात मागं घेतो. आणि बायकांना स्मशानातला माल उचलायला काही वाटत नाही, असं समजू नका. काही जणी सरळ नाही म्हणतात. त्यांना कोणी जबरदस्ती करू नये. ज्या येतात त्यांना फाटकापाशी सुकं वेगळं काढून द्या, भिंतीमागच्या ढिगात उतरायला लावू नका.

काळी माती

सामानवाले साहेब, राखेबद्दल मी सांगतो. माती परीक्षणात आयुष्य गेलं.

पुण्यातल्या बागेला नको. लाकडाची राख म्हणजे मुख्यतः चुना आणि पालाश (पोटॅश), आणि तिचा सामू, म्हणजे पीएच, दहा ते बारा. आपल्याकडची काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरात. तीत आणखी राख घातली की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुळशी-मावळकडची तांबडी माती आम्ल, तिथं थोडी राख फायद्याची. भातवाले शेतकरी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण जाळतात, तेव्हा रोपाला ती मिळतेच. पण म्हणून स्मशानातली राख ट्रकनं तिकडं पाठवा असं मी म्हणणार नाही. ती कोणाच्या तरी माणसाची आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय तिला खत म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, राख राखेत फरक असतो. शंभर किलो लाकूड जळून राख एक-दोन किलो उरते. गोवरीत माती-वाळू असते, तिची राख कित्येक पट. म्हणून जिथं गोवऱ्या जास्त वापरतात तिथं राखेचे डोंगर दिसतात. दाहिनीतून जे निघतं ते जवळजवळ सगळं हाडांचं, दोन-तीन किलो. त्यात कॅल्शियम फॉस्फेट मुख्य, शिवाय क्षार. फॉस्फेट वाचून लोक खुश होतात, पण ते आपल्या चुनखडीच्या जमिनीत झाडाला फार सावकाश मिळतं. क्षारांचा त्रास मात्र लगेच.

आमच्या सातारा-सांगलीकडं रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावायची पद्धत गावोगाव रुजलीय. फार चांगली पद्धत. फक्त सगळी रक्षा एका रोपाच्या मुळाशी ओतली की रोप मरतं, आणि मग घरचे मनाला लावून घेतात. खड्डा मोठा घ्या, रक्षा माती आणि शेणखतात मिसळून लांबवर पसरा, रोपाच्या मुळांभोवती हातभर साधी माती ठेवा. कडुनिंब बराच क्षार सोसतो. आंब्याचा हट्ट धरू नका.

भिंतीलगतचा राखेचा ढीग मात्र पावसाळ्याआधी हलवायला लावा. पहिल्या पावसात त्यातला सगळा क्षार ओघळून नाल्यात आणि नाल्यातून मुठेत जातो.

कँपातली

आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत तुमच्यासारखे बांबू नाहीत, राख नाही. पण पुष्पचक्रं आहेत, आणि त्यांच्या आत तो हिरवा स्पंज. ज्यात देठं खोचतात तो. पाणी धरतो म्हणून फूलवाल्यांचा लाडका, पण ते फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं प्लॅस्टिक आहे. कुजत नाही, नुसता चुरा होतो आणि मातीत मिसळतो. माझ्या आजीच्या थडग्याभोवती खुरपलं तर अजून हिरवी पूड निघते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत हा स्पंज बंद केला. आपल्याकडं मात्र दिवसेंदिवस वाढतोय.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही थडगी धुतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. दुसऱ्या दिवशी दगडांवर मेणाचे थर. संडे स्कूलची मुलं ते खरवडून आणतात, वितळवून गाळून पुन्हा मेणबत्त्या ओततो. त्याचं काही अवघड नाही. अडतंय ते पुष्पचक्राशी. सामानवाले, तुमच्याकडं कडबा आहे आणि बुरूड आळीत ओळखही आहे. बांबूचं कडं, त्यावर कडबा गुंडाळून सुतळीनं आवळलेला, असं चक्र कोणी करून देईल का? फुलं त्यात नीट खोचता येतात. जुन्या लोकांनी असली चक्रं केलेली मी पाहिली आहेत.

दूरदेशी

मी सध्या पोलंडमध्ये, क्राकूवला असते. इथं १ नोव्हेंबरला अख्खं शहर दफनभूमीत लोटतं आणि प्रत्येक थडग्यावर झाकणाचे काचेचे नाहीतर प्लॅस्टिकचे दिवे. रात्री बघत राहावं असं, आणि नंतर कंटेनरच्या कंटेनर भरून कचरा. अलीकडं बऱ्याच दफनभूमींच्या फाटकाशी लाकडी मांडणी ठेवतात. जळून संपलेला पण धड असलेला दिवा तिथं पुसून ठेवायचा, ज्याला हवा त्यानं उचलायचा, आत फक्त नवी मेणबत्ती घालायची. पैसे नाहीत, नोंद नाही. आधी लोक बिचकायचे म्हणे, आता सणाच्या आधी मांडणी रिकामी होते. शालींसाठी फाटकाजवळ असं काही ठेवलं तर पुण्यात चालेल का, माहीत नाही. "कुठल्या?" असा प्रश्न तिथं कोणी विचारणार नाही, हा फायदा.

खुबा-गुडघा

अजून धातूबद्दल कोणी बोललं नाही. मी सांध्यांच्या इम्प्लांटच्या धंद्यात आहे. गुडघे, खुबे, हाडातले रॉड टायटॅनियमचे, कोबाल्ट-क्रोमचे नाहीतर स्टेनलेस स्टीलचे असतात. दाहिनीत तापमान साधारण ८०० ते १००० अंश. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात. त्यामुळं सावडताना खुबा जसाच्या तसा हाती येतो आणि घरचे दचकतात. मग तो अस्थींबरोबर आळंदीला इंद्रायणीत जातो नाहीतर कोपऱ्यात पडून राहतो. नेदरलँड्समध्ये ऑर्थोमेटल्स नावाची कंपनी १९९७ पासून दाहिन्यांमधून हे धातू गोळा करून वितळवते. ब्रिटनमध्ये घरच्यांची लेखी संमती घेऊन गोळा करतात आणि येणारा पैसा धर्मादाय संस्थांना जातो. आपल्याकडं फाटकाशी एक कुलूपबंद पेटी आणि संमतीचा एक कागद एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. माल थोडा, पण धातू महागाचा.

एक मात्र आजपासून करा. सामान देताना विचारत जा, "पेसमेकर होता का?" असेल तर दाहिनीत घेण्याआधी तो डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो. आत बॅटरी फुटते, भट्टीच्या विटा उडतात, आणि समोर उभ्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते.

सामानवाला

सगळ्यांचे आभार. टिळकरोडकरांचेही. निदान राग कसा येतो ते कळलं.

पेसमेकरचं विचारायला सुरुवात केली. लोक चमकतात, पण उत्तर देतात. काल एकानं लगेच हॉस्पिटलला फोन लावला.

ताई, गाठोड्याची पाटी लिहून घेतली, मोठ्या अक्षरांत, काउंटरच्या मागं नाही तर पुढं. गुलाल-बुक्का रद्दीच्या पुड्यांत बांधायला घेतलाय. आमच्या पोराला पुडी बांधता येत नव्हती, ती शिकवण्यात एक दुपार गेली. तुपाला पर्याय सापडलेला नाही. "घरून आणा" म्हणायची सोय नाही, दहातल्या निम्म्या घरांत त्या दिवशी स्वयंपाकघर कुठं आहे हेही आलेल्या माणसाला माहीत नसतं.

हार सुती दोऱ्यात ओवायला फूलवाला तयार आहे, पण म्हणतो ओला सुती दोरा वजनानं तुटतो, मोठा हार टिकत नाही. खतवाली ताई, दोरा दुहेरी केला तर तुमच्या खताला चालेल ना?

कँपातल्या ताईंचं काम बुरूड आळीत विचारलं. तिथला बुरूड हात फिरवून म्हणाला, कडं करीन, मापाचं सांगा. तीन मापं त्यांनी इथंच लिहावीत. मला त्याच्याकडं हा विषय काढायला जरा बरंच वाटलं, कारण लोखंडी तिरडीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तिरडीचे बांबू हा त्याचा बारमाही धंदा आहे. त्याचं पोट मारून माझा ढीग कमी करायचा, हे काही मनाला येत नाही. चक्रांचं काम वाढलं तर सांगीन.

तिरडी मात्र एक करून बघतोय. भवानीपेठी भाईंनी सांगितलं ते पटलं, सगळ्यांना एकच म्हटलं की कोणाला कमीपणा नाही. भाड्याची म्हणणार नाही, अनामत ठेवून नुसती वापरायला देणार. फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, चौकोनी पाइप घ्या, वेल्डिंग चांगलं बसतं. पण चौकोनी पाइपची कड खांद्यात रुतते, गोल हवा. गोल घेतला तर कामट्यांच्या जागी आडव्या पट्ट्या कशाच्या घालायच्या? लोखंडी पट्टी उन्हात तापते आणि देह थेट तिच्यावर ठेवायचा नसतो, खाली कडबा लागतोच. शिवाय सुतळी बांधायला दोन्ही बाजूंना कड्या हव्यात, गाठ सरकू नये अशा. आणि वजन असं हवं की खांदा देणारे चौघं साठीचे असले तरी चार पावलांत दमू नयेत. कोणी फॅब्रिकेशनमध्ये असेल तर किती गेजचा पाइप घ्यावा ते सांगा. शनिवारी ऑर्डर द्यायचीय.